तुझ्या पेशी जाग्या झाल्या तेव्हा

आई, तुझ्या काही पेशी अजून जिवंत आहेत. हे तुला सांगायला हवं असं गेले काही दिवस सारखं वाटतंय. दादाला सांगितलं तर तो आधी घाबरला आणि मग माझ्यावर चिडला. तू असतीस तर हसली असतीस की तूही घाबरली असतीस, ते काही मला ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मुलुंडच्या कॉलेजातली आमची लॅब तू पाहिली आहेस. जिना चढताना मधेच कठडा धरून थांबली होतीस, तीच. मी आता तिथेच शिकवते. लॅबच्या कोपऱ्यात एक टाकी आहे, दूधवाल्याच्या मोठ्या कॅनसारखी. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, इतका थंड की त्यात बुडवलेली वस्तू सडत नाही, वाढत नाही, म्हातारी होत नाही. जिथे असेल तिथेच थांबते. झाकण उघडलं की पांढरं धुकं काठावरून खाली उतरतं आणि पायांभोवती फिरत राहतं. ही टाकी जुनी झाली होती, नायट्रोजन फार लवकर उडून जायला लागला होता, म्हणून आतलं सगळं नव्या टाकीत हलवायचं, आणि जे नको असेल ते नष्ट करायचं असं ठरलं. त्या दुपारी मी जाड हातमोजे घालून एकेक कुपी वर काढत होते, बर्फ पुसून लेबल वाचत होते, आणि एका कुपीवर माझंच अक्षर निघालं. विद्यार्थिनी होते तेव्हाचं, गोल, काळजीपूर्वक काढलेलं. पेशंटचं नाव आम्ही लिहीत नाही, नुसता नंबर. पण तो नंबर मी विसरणं शक्य नव्हतं. तुझ्या दंडावरचा रबरी पट्टा सोडून मीच तो लिहिला होता.

तो दिवस तुला आठवतो का? आमच्या बाई, म्हणजे माझ्या गाइड, तेव्हा आमवाताच्या पेशंटचं रक्त जमवत होत्या. मी घरी सहज बोलून गेले आणि तू म्हणालीस, "माझं घ्या की. नाहीतरी बिघडलेलंच आहे." कंपनीतून अर्धा दिवस रजा टाकून आलीस. एलबीएस रोडवरच्या त्या औषध कंपनीत तू पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांची पाकिटं तपासायचीस, पाकिटाच्या कुठल्या खाचेत गोळी पडलेली नाही ते बघून बाजूला काढायचीस. दिवसभर अंगदुखीच्या गोळ्या बोटांखालून जायच्या आणि बोटं तीच दुखरी. त्या दिवशी तू इस्त्रीची साडी नेसली होतीस, जणू कुणाच्या साखरपुड्याला निघालीस. बाईंनी तुला संमतीचा कागद मराठीतून वाचून दाखवला. शेवटी विचारलं, "उरलेल्या पेशी पुढच्या संशोधनासाठी ठेवल्या तर चालतील?"

"किती दिवस टिकतात?" तू विचारलंस.

"नीट ठेवल्या तर आपल्यापेक्षा जास्त."

"ठेवा मग. माझ्या घरी कोथिंबीर दोन दिवस टिकत नाही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. आणि त्या म्हणाल्या तसंच झालं. तू गेलीस त्याला आता कितीतरी वर्षं झाली. बाई निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेल्या. तुझी कंपनी पाडून तिथे टॉवर उभा राहिला. आणि तू म्हटलंस म्हणून त्या पेशी तिथेच होत्या, धुक्याखाली, तू ठेवा म्हणालीस त्या वयाच्या.

मी सध्या निर्गुडीवर काम करते हे ऐकून तू कपाळाला हात लावशील. पण खरंच. आमवातात होतं असं, की शरीराचं रक्षण करायला असलेल्या पांढऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर धावून जातात. तिथे काही शत्रू नसतो. तरी त्या धोक्याचा निरोप सोडत राहतात, तो ऐकून आणखी पेशी येतात, सांधा सुजतो, तापतो. त्यालाच आम्ही दाह म्हणतो. निर्गुडीच्या पाल्याचा अर्क त्या पेशींवर घातला तर निरोप कमी होतो का, हे मी बघते. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायचा, मग अल्कोहोल उडवून टाकायचं. खाली उरतो तो काळपट हिरवा, चिकट गोळा. वास इतका उग्र की खालच्या मजल्यावरून विचारणा होते. मला मात्र त्या वासाने प्रत्येक वेळी कांजूरमार्गची आपली खोली दिसते. ओट्यावर तवा आहे, तव्यावर पाला तडतडतोय, तू पाटावर गुडघे पुढे करून बसली आहेस, आणि शेजारची काकी दारातून सांगते आहे, "गो, पालो करपवू नको. ऊन कर आणि बांध." चाळीमागच्या झुडपाचा पाला तीच ओरबाडून आणायची. मी फडक्यात गुंडाळून तुझ्या गुडघ्यावर ठेवायचे आणि तू डोळे मिटायचीस. काकी गेल्यावर हळूच म्हणायचीस, "पाल्यात काही नाही गं. तव्याची ऊब आहे ती. पण तिला बोलू नकोस, एवढं तोडून आणते बिचारी."

आता मला पेशंटच्या पेशी हव्याच होत्या. निरोगी माणसांच्या पेशींवर प्रयोग झाला होता, आणि जुने नमुने वापरायला कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगीही आली होती. तुझ्या नंबरच्या दोन कुप्या निघाल्या होत्या. माझ्याकडे पीएचडी करणारी एक बाई आहे, घाटकोपरची, दोन मुलांची आई, उशिरा शिकायला आलेली आणि तोंडाने फटकळ. तिने एक कुपी उचलून उजेडात धरली. "मॅडम, एवढ्या वर्षांचं. डेडच असणार ना?"

"बघूया," मी म्हटलं.

"हा कोण तुमच्या ओळखीचा आहे का? मघापासून लेबलवरनं नजर हटत नाहीये तुमची."

मी तिला सांगितलं. तिने कुपी माझ्यापासून लांब, स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा. यापुढे हिला मी हात लावणार. तुम्ही फक्त बघायचं. आणि कमिटीला कळवायचं, आजच." मी तिच्यासमोरच मेल लिहिला. उत्तर आलं की ओळख उघड झाल्यामुळे हा नमुना अभ्यासात मोजू नये, पण संमती आहे तेव्हा चाचणीपुरता वापरायला हरकत नाही. म्हणजे आई, तुझा निकाल कुठेच छापला जाणार नाही. तो फक्त माझ्यासाठी आहे.

गोठलेली कुपी कोमट पाण्यात धरून वितळवतात. बर्फाचा शेवटचा खडा उरला की काढायची. मग पेशी धुऊन, त्यांना खाणंपिणं असलेल्या गुलाबी द्रवात सोडायचं आणि शरीराइतक्या उबेच्या कपाटात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ही विद्यार्थिनी मायक्रोस्कोपवर बसली, बराच वेळ डोळा काढेना. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "या. बघा."

मी पाहिलं. बऱ्याचशा पेशी मेल्या होत्या, त्यांचे तुकडे तरंगत होते. पण मधूनमधून काही खाली तळाला चिकटल्या होत्या, आणि चिकटून बसायला जीव लागतो. एक तर लांबट झाली होती, पुढे पाय काढल्यासारखी. या पेशी चालतात, पण इतक्या हळू की टक लावून बघितलं तर काहीच होत नाही. तुम्ही नजर काढता, चहा पिऊन येता, आणि ती तिथे नसते. थोडी पलीकडे असते. मी चहा पिऊन आले. ती पलीकडे होती. तुझ्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या, आई. तुझी साडी काकीला दिली, चष्मा दादाकडे आहे. तू गेलीस हे सगळ्यांना माहीत आहे, रेशन ऑफिसलासुद्धा. फक्त या पेशींना कुणी सांगितलं नव्हतं. रक्त काढलं त्या दुपारी झोपल्या होत्या आणि आता जाग्या होऊन चाचपडत होत्या.

खरं भय नंतर वाटलं. पेशींनी सोडलेला धोक्याचा निरोप मोजायची एक चाचणी असते. छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये शेवटी पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका दाह जास्त. निरोगी पेशींना आधी डिवचावं लागतं, जंतूच्या कवचाचा अंश घालून फसवावं लागतं, तेव्हा त्यांचे खळगे पिवळे होतात. तुझ्या पेशींना आम्ही काहीच केलं नव्हतं. तरी ते खळगे हळदीसारखे पिवळे झाले. पुन्हा करून पाहिलं, तेच. मी प्लेट हातात घेऊन उभी होते आणि मनात एकच येत होतं, की या कुणावर धावून जातायत? सांधा नाही, गुडघा नाही, माणूसच नाही. आणि या भर दुपारी मुलुंडमध्ये एका प्लास्टिकच्या खळग्यात बसून ओरडतायत की इथे दुखतंय, इकडे या.

त्या संध्याकाळी मी दादाला बोरिवलीला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"म्हणजे ती सुटली नाही?" तो म्हणाला.

"तसं नाही रे दादा. पेशी म्हणजे ती नाही."

"मग कोण आहे? दरवर्षी पान ठेवतो, कावळा शिवतो, मला वाटतं पोचली ती. आणि इकडे तू तिला बाटलीत घालून ठेवलीयस."

"तिनेच ठेवा सांगितलं होतं."

"तिला काय माहीत तू काय करणार ते. मोकळं कर तिला. जे काय असेल ते टाकून दे. ऐकतेयस ना?"

मी काही कबूल केलं नाही. तो रागावून फोन ठेवणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. तो नुसता धरून बसला, मग वहिनीनेच घेतला.

अर्क घालायचा तो प्रयोग त्यानंतरचा. पाला मी कुपी वितळवण्याआधीच, मुद्दाम आपल्या चाळीमागून आणला होता. चाळ अजून उभी आहे, झुडूप पार गटाराच्या भिंतीपर्यंत पसरलंय, आणि वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास तसाच येतो. काकी आता खाटेवरच असते. कशाला पाला नेतेस विचारलं तेव्हा मी म्हटलं, आईसाठी. तोंडातून निघूनच गेलं. काकीने मान डोलवली. "जास्त ने मगे. तिचे दोनव गुडघे दुखतत." तिच्या सुनेने मागून मला खूण केली, की हल्ली असंच बोलतात, मनावर घेऊ नका.

अर्क घातल्यावर तुझे खळगे फिके पडले. नुसते फिके नाहीत, पाण्यासारखे. मला इतका आनंद झाला की मी ती प्लेट उजेडात धरून परत परत बघत राहिले. तू कधी अशी नव्हतीस, आई. मी तुला कधी न दुखणारी पाहिलीच नाही. माझी विद्यार्थिनी मात्र हसली नाही. ती प्लेटकडे बघत म्हणाली, "मॅडम, शांत झाल्यात की मेल्यात?"

ही शंका आमच्या कामात पहिली यायला हवी. अर्क जास्त झाला तर तो विष होतो, आणि मेलेली पेशीही निरोप सोडत नाही. दोन्ही खळगे सारखेच फिके दिसतात. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. पण त्या वेळी मला लॅब दिसेनाशी झाली आणि कांजूरमार्गची ती सकाळ समोर आली. रात्रभर तू कण्हत होतीस, आणि उजाडताना थांबलीस. तुझी आवळलेली बोटं उघडी आहेत. कपाळावरची आठी गेलीय. मी दादाला खुणेने सांगते की आवाज करू नको, किती दिवसांनी डोळा लागलाय तिचा. आम्ही दोघं चपला हातात घेऊन वावरतो. मी चहा ठेवते, आल्याचा तुकडा खलबत्त्यात न ठेचता सुरीने कापते. मग काकी पाला घेऊन येते, तुझ्या पावलाला हात लावते, आणि वर बघून म्हणते, "ही निजाक नाय गो." आम्ही किती वेळ तुला जपून झोपू देत होतो, ते कुणालाच सांगता आलं नाही.

मेलेली आणि जिवंत पेशी ओळखायला निळं औषध असतं. जिवंत पेशी ते आत येऊ देत नाही, बिनरंगी राहते. मेलेली अडवू शकत नाही, ती निळी होते. विद्यार्थिनीने ते घातलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबता का?" मी बाहेर पॅसेजमध्ये थांबले. समोर खिडकीतून डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याला नवीन इमारतींच्या क्रेन. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मी आत गेले नाही. शेवटी तीच दारात आली.

"जास्त डोसवाल्या गेल्या. सगळ्या निळ्या. मी पुन्हा बघितलं."

मी मान हलवली.

"पण सगळ्यात कमी डोसवाल्या आहेत. तिथे पिवळा रंग थोडाच उतरलाय, फार नाही. पण त्या आहेत, मॅडम. क्लियर आहेत. शांत आहेत आणि आहेत."

तेवढंच झालं, आई. थोडासा उतार. पाल्याचं ते बळ तव्यावरून तुझ्या कातडीतून सांध्यापर्यंत कधी पोचलं असेल का, मला माहीत नाही; बहुतेक नसेल. तुझंच खरं असेल, ऊबच असेल ती. पण मी त्या खळग्यात डोळा लावला तेव्हा तळाला चिकटलेल्या चार-पाच पेशी होत्या, निळ्या न झालेल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यातलं काहीतरी न दुखता जिवंत असलेलं पाहिलं. मला रडू नाही आलं. मानेवर काटा आला आणि बराच वेळ गेला नाही.

दादा शनिवारी आला. न सांगता. लॅबच्या दाराशी त्याने चपला काढल्या, देवळात काढतो तशा. विद्यार्थिनीने त्याला पायांवर चढवायच्या निळ्या पिशव्या दिल्या, त्या त्याने मुकाट्याने घातल्या. टाकून द्यायला सांगायला आला होता हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मी काहीच न घातलेल्या खळग्यावर मायक्रोस्कोप लावून दिला. त्याने पाहिलं. डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. परत डोळा लावला आणि एकदम मागे आला.

"मघाशी ही इथे नव्हती."

"नव्हती."

"दुखतंय का तिला?"

"पेशीला दुखत नाही रे. दुखायला आख्खं माणूस लागतं."

तो स्टुलावर बसून राहिला. टक्कल पडलेलं, गुडघ्यावर हात, आणि बोटांची पेरं जाड झालेली. मला ते त्याच दिवशी दिसलं. मी बोट धरून विचारलं कधीपासून, तर म्हणाला, सकाळी आखडतात, उन्हात बसलं की बरं वाटतं. मी डॉक्टरचं नाव लिहून दिलं. आणि म्हटलं, एक कुपी अजून न उघडलेली आहे, तू म्हणशील तर ती तुझ्यासमोर नष्ट करते.

तो टाकीपाशी गेला. विद्यार्थिनीने झाकण उघडून दाखवलं. धुकं उतरून त्याच्या निळ्या पिशव्यांवरून फिरलं तरी तो हलला नाही, फक्त शर्टाचं वरचं बटण लावलं.

"थंडी नाही ना वाजत आत?" त्याने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आतच स्वतःशी म्हणाला, "असू दे. ती ठेवा म्हणाली होती ना. आपण कोण टाकणारे." निघताना जिन्यात मला म्हणाला की पितृपक्षात पान मात्र तो ठेवणार, आणि यातलं वहिनीला काही सांगायचं नाही.

वितळवलेल्या पेशी फार दिवस राहत नाहीत. आठवडाभरात त्या सुटून तरंगायला लागल्या. विद्यार्थिनीने विचारलं, नष्ट करायचं ब्लीच प्लेटमध्ये तुम्ही घालता की मी घालू. मी घातलं. गुलाबी रंग गेला, मग काही दिसलं नाही. दुसरी कुपी आता नव्या टाकीत आहे. ती वितळवायची परवानगी मी कुणाला देणार नाही, निदान मी आहे तोवर. नंतरचं नंतर.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. एक गोष्ट मात्र लॅबमध्ये कुणाला सांगितलेली नाही आणि दादालाही नाही. संध्याकाळी दिवे घालवून निघताना मी टाकीजवळ थांबते आणि "येते गं" म्हणते. परवा घाईत विसरले. खाली रिक्षात बसल्यावर आठवलं, रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा वर गेले.